नकाशाच्या थराची व्याप्ती : मोजलेली आणि अंदाजलेली

गावनकाशांचे काम आता संगणकावर होऊ लागले आहे. मात्र पडदा कोरा दिसला की, नोंदी नाहीशा झाल्या असे समजून घाबरणारे कर्मचारी अजूनही आढळतात. पुष्कळदा नोंदी जागच्या जागी असतात; चुकलेली असते ती थराची व्याप्ती.

व्याप्ती म्हणजे थरातील सर्व आकृत्यांना सामावून घेणारा लहानात लहान आयत. गोव्यापुरता विचार केल्यास तो स्थूलमानाने ७३°४०′ ते ७४°२०′ पूर्व रेखांश व १४°५३′ ते १५°४८′ उत्तर अक्षांश इतका भरतो. संपूर्ण थर दाखविण्याची आज्ञा मिळताच क्यूजीआयएससारखी प्रणाली याच आयतावर पडदा बसविते. आता एखाद्या विहिरीची नोंद करताना अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला गेला, तर ती विहीर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. रिकाम्या रकान्यांत शून्ये भरली गेली, तर ती आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात उतरते. मग आयत तेथवर ताणला जातो आणि एका विहिरीपायी सारा गोवा टिंबाएवढा होतो.

ही व्याप्ती येते कोठून, हे जाणणे अगत्याचे आहे. पोस्टजीआयएस या डेटाबेसमध्ये ती दोन प्रकारे मिळते. एसटी_एक्स्टेंट हे फलन प्रत्येक आकृती तपासते; उत्तर अचूक येते, पण लक्षावधी सर्व्हे क्रमांकांच्या सारणीस वेळ लागतो. एसटी_एस्टिमेटेडएक्स्टेंट हे फलन अंदाजावर भागविते. ॲनालाइज ही आज्ञा पूर्वी केव्हा तरी चालली असता जमा झालेली सांख्यिकी त्यास आधारभूत असते. उत्तर तत्काळ मिळते, परंतु ते शिळे असू शकते व सीमेवरील काही आकृत्या त्याबाहेर राहू शकतात. सांख्यिकी मुळीच नसेल, तर उत्तरच येत नाही. क्यूजीआयएसमध्ये जोडणी करताना ‘अंदाजित माहिती वापरावी’ अशा अर्थाचा जो पर्याय दिसतो, तो हाच मार्ग होय. घाईत त्यावर खूण करणारे पुष्कळ. परिणाम ध्यानी ठेवणारे थोडे.

याखेरीज प्रकल्पाच्या फाइलमध्ये साठविलेल्या व्याप्तीवर विसंबण्याचीही सोय आहे. तीमुळे प्रकल्प लवकर उघडतो; मात्र नंतर नव्या गावांची भर पडली असल्यास जुनाच आयत दिसत राहतो.

म्हणून मोठी भरती किंवा वगळणी केल्यावर ॲनालाइज चालवावे. रोजच्या पाहणीस अंदाज पुरेसा आहे. नकाशा छापण्यापूर्वी किंवा दुसऱ्या कार्यालयास देण्यापूर्वी मात्र अचूक गणना करून घ्यावी. व्याप्ती अवास्तव मोठी आढळल्यास आयत हाताने आखडून वेळ मारून नेऊ नये. वर दिलेल्या मर्यादेबाहेरील नोंदी शोधून काढाव्यात व मूळ क्षेत्रपुस्तिकेवरून दुरुस्त कराव्यात. हीच मर्यादा सारणीवर अट म्हणून घातल्यास अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली नोंद मुळात स्वीकारलीच जाणार नाही.