काडतुसाची टोपी : माप एक, स्वभाव वेगळे

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे हे नेमबाज मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आपले मिरज जंक्शनही त्याच मध्य रेल्वेच्या पुणे विभागातले. तेव्हा आपल्या भागातील विद्यार्थ्यांना नेमबाजीविषयी कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच आहे. नेम, श्वास आणि एकाग्रता यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु चाप ओढल्यावर पहिली ठिणगी नेमकी कोठे आणि कशी पडते? या प्रश्नाच्या उत्तरात भौतिकी, रसायन आणि धातुशास्त्र एकत्र येतात. म्हणून या लेखात आपण काडतुसाच्या एका चिमुकल्या भागाचा विचार करू.

काडतुसाचे चार भाग

रायफलीच्या काडतुसात चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी बसविलेली गोळी, आत भरलेली दारू आणि बुडाशी मध्यभागी बसविलेली टोपी, म्हणजेच प्रायमर. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते. टोपीतील मिश्रण पेटते, त्याची ज्वाला बारीक छिद्रातून पुंगळीत शिरते आणि दारू पेटते. दारूच्या वायूंचा दाब गोळीला पुढे ढकलतो.

स्फोटक काडतूस उडवीत नाही, तर काडतुसात आग लावली जाते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दारू जलद जळते. टोपीतील मिश्रण मात्र नुसत्या आघाताने पेटते. काडेपेटीतील काडी आणि चुलीतील लाकूड यांच्यात जसा फरक, तसाच काहीसा हा फरक आहे. दिवाळीत मुले पिस्तुलात टिकल्या उडवितात, त्यांचे तत्त्वही आघाताने पेटण्याचेच आहे.

पाऱ्यापासून शिशापर्यंत

१८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मर्क्युरी फल्मिनेट या आघाताने पेटणाऱ्या संयुगाचे वर्णन केले. १८०७ मध्ये स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने बंदूक पेटविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी गारगोटीची ठिणगी लागे आणि पाऊस आला की बंदूक मुकी होई.

फल्मिनेटमध्ये दोन दोष होते. त्यातील पारा पितळेशी मिसळून पुंगळी ठिसूळ होई. त्याच्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड उरे. हा मिठासारखाच क्षार. तो हवेतील ओल धरून नळीला गंज चढवी. विसाव्या शतकात या दोघांची जागा बहुतांशी लेड स्टिफनेट या शिशाच्या संयुगावर आधारलेल्या मिश्रणांनी घेतली. गंज थांबला, पण शिशाची वाफ आणि धूळ आली. बंदिस्त नेमबाजी केंद्रांत हवा खेळती ठेवणे आणि सरावानंतर हात धुतल्याशिवाय काही न खाणे हे नियम त्यामुळेच पडले. आज शिसेविरहित टोप्याही बनतात. एक दोष दूर करताना दुसरा उभा राहतो, याचे हे चांगले उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

ऐरण कोठे ठेवायची?

टोपीतील मिश्रण पेटण्यासाठी ते दोन कठीण पृष्ठभागांमध्ये चिरडले गेले पाहिजे. एक पृष्ठभाग पिनेने आत दाबलेल्या वाटीचा, तर दुसरा ऐरणीचा. लोहाराचा हातोडा आणि ऐरण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे रचना समजेल. १८६६ मध्ये याच्या दोन पद्धती पुढे आल्या. इंग्लंडचे एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच बसविली. अमेरिकेचे हायरम बर्डन यांनी ती पुंगळीच्या बुडाचाच भाग केली. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या मध्यभागी एकच छिद्र असल्याने जुनी टोपी आतून सरळ दांड्याने ढकलून काढता येते. म्हणून जेथे नेमबाज परवान्याने रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात, तेथे हीच पद्धत रूढ झाली. गंमत अशी, की इंग्रजाची युक्ती अमेरिकेत आणि अमेरिकनाची युरोपात अधिक पसरली.

कुसळे यांच्या स्पर्धेत वापरले जाणारे ५.६ मिलिमीटरचे काडतूस मात्र वेगळे. त्यात स्वतंत्र टोपी नसतेच. मिश्रण पुंगळीच्या दुमडलेल्या काठात भरलेले असते आणि पिन काठावर आपटते. काठ चिरडला जावा म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, त्यामुळे ही पुंगळी फार मोठा दाब सोसू शकत नाही. एकदा चेपलेला काठ पुन्हा भरताही येत नाही.

'लहान' म्हणजे काय?

मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांत टोप्यांची मुख्यतः दोन मापे असतात. लहान टोपीचा व्यास सुमारे ४.४५ मिलिमीटर आणि मोठीचा सुमारे ५.३३ मिलिमीटर. 'लहान रायफल टोपी' या नावात लहान हे विशेषण टोपीला लागते, रायफलीला नव्हे.

आता खरा प्रश्न. पिस्तुलाची लहान टोपी आणि रायफलीची लहान टोपी यांचा व्यास सारखाच असतो. मग एकीच्या जागी दुसरी का चालू नये? ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात दाब वातावरणाच्या सुमारे २,३०० पट होतो. ५.५६ मिलिमीटर रायफलीच्या जातीच्या काडतुसात तो ३,७०० पटींच्या वर जातो. म्हणून रायफलीच्या टोपीची वाटी जाड, सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा अधिक असते. पिस्तुलाची पातळ वाटी रायफलीत बसविली, तर ती फुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतात. उलट केले, तर पिस्तुलाची दुबळी पिन जाड वाटी चेपू शकत नाही आणि बार फुसका जातो.

जाडीचे दुसरेही कारण आहे. काही स्वयंभरण रायफलींत पिन स्प्रिंगने मागे धरलेली नसते, मोकळी असते. काडतूस आत ढकलणारा भाग वेगाने पुढे जाऊन थबकतो, पण पिन जडत्वामुळे पुढे जातच राहते. एसटीने ब्रेक मारल्यावर आपण पुढे झुकतो, तसेच. वाटी फार नाजूक असेल, तर चापाला हात न लावताच बार उडतो. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीत १९६०च्या दशकात हा धोका दिसला, तेव्हा पिन हलकी करण्यात आली. वस्तुमान कमी म्हणजे गतिज ऊर्जा कमी.

तिसरी बाब उष्णतेची. काही दारू सहज पेटतात, काहींना अधिक ज्वाला लागते, विशेषतः कडाक्याच्या थंडीत. त्यांच्यासाठी जास्त तापणाऱ्या टोप्या असतात. पण अशी टोपी सरसकट वापरली, तर दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. म्हणून दारू, गोळी, पुंगळी आणि टोपी यांची चाचणी एकत्र केलेली असते. त्यांतला एक भाग बदलला, तर ती चाचणी निरर्थक ठरते.

चाचणी कशी होते?

कारखान्यात ठरावीक वजनाचा पोलादी गोळा वेगवेगळ्या उंचीवरून टोपीवरील पिनेवर टाकतात. एका उंचीवरून सर्व टोप्या पेटल्या पाहिजेत आणि त्याहून कमी अशा दुसऱ्या उंचीवरून एकही पेटता कामा नये. समजा, गोळा ५५ ग्रॅमचा आणि उंची ३० सेंटिमीटर. ऊर्जा ०.०५५ × ९.८ × ०.३, म्हणजे सुमारे ०.१६ ज्यूल. एवढ्याशा ऊर्जेवर जीव आणि मरण तोललेले असते. वर्गात टोपीऐवजी शाडूची माती घ्यावी. तिच्यावर पोलादी गोळी निरनिराळ्या उंचीवरून टाकावी, खड्ड्याची खोली मोजावी आणि आलेख काढावा. तत्त्व तेच, धोका शून्य.

कायदा आणि आपली जबाबदारी

मिरजेहून मुंबईकडे जाणारी गाडी पुण्यापुढे खडकी स्थानक ओलांडते. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवीत आला आहे. हे काम अशाच ठिकाणी, नियमांच्या चौकटीत व्हावयाचे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसे बनविणे हा गुन्हा आहे. टोप्या मूळ वेष्टनातच ठेवण्याचा दंडकही असाच शास्त्रीय आहे. वेष्टनात त्या एकमेकींपासून दूर असतात. बाटलीत ढीग करून ठेवल्या, तर एक पेटताच सगळ्या पेटू शकतात.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. शेतात, नदीकाठी किंवा भंगारात कधी काडतूस सापडले, तर बुडाच्या टोपीकडे लांबूनच पाहावे. तिच्यावर खड्डा असेल, तर ते बहुधा उडालेले. पण खड्डा पडूनही न उडालेले काडतूस असू शकते. म्हणून हात न लावता, दगडाने न ठोकता शिक्षकांना किंवा पोलिसांना कळवावे. ०.१६ ज्यूल ही ऊर्जा मुलाच्या हातातील दगडात सहज असते.