सॅन अँटोनियो: चौकातल्या चुलीचं शहर

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला आलेला पाहुणा आधी अलामोचा किल्ला बघतो, मग रिव्हर वॉकवर एक फेरी मारतो आणि पोटात कावळे ओरडू लागले की तिथल्याच एखाद्या रंगीत छत्रीखाली बसतो. त्यात वावगं काही नाही. पण या शहराचं खाणं कुठून आलं हे कळायला हवं असेल, तर नदी सोडून थोडं पश्चिमेला चालत मार्केट स्क्वेअर गाठावा. तिथं ‘मि तिएरा’ आहे.

पेद्रो आणि क्रूझ कोर्तेझ या दांपत्यानं १९४१ साली तीन टेबलांवर हे हॉटेल सुरू केलं. गिऱ्हाईक म्हणजे पहाटे बाजारात माल घेऊन येणारे शेतकरी आणि मंडईतले कामगार. आज त्याचा पसारा अवाढव्य आहे. छताला कातरलेल्या कागदाच्या पताका, बारा महिने लखलखणाऱ्या दिव्यांच्या माळा, टेबलाटेबलाशी गिटार वाजवत फिरणारे मारियाची. आत शिरताच काचेच्या कपाटांत गोड पावांच्या राशी. सजावट जरा भडक आहे, हे खरं. पण गर्दीत पर्यटकांइतकीच गावची कुटुंबंही दिसतात, तेव्हा तक्रार करवत नाही.

मागवायची ती चीज एंचिलाडा. मक्याची टॉर्टिया गरम तेलातून काढून मऊ करायची, किसलेलं पिवळं चीज आणि चिरलेला कांदा घालून गुंडाळी करायची, वर लालसर तपकिरी चिली ग्रेव्ही ओतायची आणि प्लेटसकट भट्टीत सरकवायची. वेटर ती फडक्यात धरून आणतो आणि प्लेटला हात लावू नका म्हणून बजावतो. कडेला सांडलेलं चीज अजून चरचरत असतं. ग्रेव्हीला वाळक्या मिरचीचा येतो तितकाच जिऱ्याचाही वास येतो, आणि मराठी नाक तो दुरूनच ओळखतं. मेक्सिकोत जिरं जपून वापरतात, इथं हात सैल. १७३१ साली कॅनरी बेटांवरून आलेल्या स्पॅनिश कुटुंबांनी ही आवड सोबत आणली, असं गावात सांगतात. पुढे १८९०च्या दशकात जवळच्याच न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरितानं मिरचीची तयार पूड विकायला काढली. म्हणजे मका इथल्या मातीतला, जिरं स्पेनकडचं, बाटलीतलं तिखट जर्मन माणसाचं आणि चीज अमेरिकन. टेक्स-मेक्स म्हणतात ते हे.

हे सगळं आधी शिजलं ते रस्त्यावर. एकोणिसाव्या शतकात दिवस मावळला की मिलिटरी प्लाझात मेक्सिकन बायका चुली पेटवत, लांब टेबलं मांडत, कंदील लावत आणि चिली (मिरची घातलेला मांसाचा रस्सा), बीन्स, तामाले (मक्याच्या सालीत वाफवलेल्या पिठाच्या गुंडाळ्या) वाढत. ‘चिली क्वीन्स’ म्हणून त्यांचं नाव झालं. सैनिक, गुराखी, व्यापारी, सगळे एकाच बाकावर बसून खात. तिथं सिटी हॉल उभा राहिला तेव्हा त्यांना उठवलं. त्या दुसऱ्या चौकात गेल्या, तिथून तिसऱ्या, शेवटी मार्केट स्क्वेअरलगतच्या हेमार्केट प्लाझात. १९३०च्या दशकाअखेरीस आरोग्य खात्यानं स्वच्छतेचं कारण पुढे करून बडगा उचलला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या चुली कायमच्या विझल्या. कारण अगदीच खोटं नसेल. पण चुलीपाशी पाण्याचा नळ आणून देणं हाही एक उपाय होता.

पैसा मात्र चार भिंतींच्या आत गेला. १९०० साली शिकागोहून आलेल्या ओटिस फार्न्सवर्थनं लोसोया स्ट्रीटवर ‘ओरिजिनल मेक्सिकन रेस्टॉरंट’ उघडलं. पदार्थ बहुतेक चौकातलेच, पण पुरुषांनी कोट घालून यावं असा दंडक. तामाले, एंचिलाडा, चिली, भात, बीन्स हे सगळं एकत्र वाढण्याची त्याची ‘रेग्युलर’ म्हणजे थेट आपली राइस प्लेट. अमेरिकेतल्या टेक्स-मेक्स हॉटेलांतली कॉम्बिनेशन प्लेट या वळणाची आहे.

१९७२ साली डायना केनेडी यांनी मेक्सिकोच्या पाककलेवरचं पुस्तक काढलं आणि सीमेअलीकडच्या या खाण्याला खऱ्या मेक्सिकन जेवणापासून वेगळं पाडलं. तेव्हापासून टेक्स-मेक्सला नाक मुरडणं हे जाणकारीचं लक्षण ठरलं. मला ते पटत नाही. ही मेक्सिकोची बिघडलेली नक्कल नाही. टेक्ससमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचं ते घरचं जेवण आहे. १९७७ साली टेक्ससच्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं, आणि चिली क्वीन्सना हाकलणाऱ्या या शहराला २०१७ साली युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहराचा मान दिला.

ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस इथं मुलांकडे गेलेल्या मराठी मंडळींना गाडीनं इथं येणं सहज जमतं. शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा: चीज एंचिलाडावरच्या ग्रेव्हीत बहुधा गोमांस किंवा त्याचं पाणी असतं, रिफ्राइड बीन्स अनेकदा डुकराच्या चरबीत परततात आणि लाल भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. मेन्यूत हे लिहिलेलं असेलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी प्रत्येक पदार्थाबद्दल विचारा. ग्रेव्हीऐवजी टोमॅटोचा सॉस मागितला तर बऱ्याच ठिकाणी मिळतो.