कोणते शिरूर?

बीडच्या बसस्थानकावर कोणी नुसते 'शिरूर' म्हटले, की ऐकणारा शिरूर कासार समजतो. लातूर जिल्ह्यात तेच नाव घेतले तर शिरूर अनंतपाळ, आणि पुण्याकडे घोडनदीकाठचे शिरूर. तिन्ही तालुक्याची गावे. तरी रोजच्या बोलण्यात घोटाळा होत नाही, कारण प्रत्येक नावाला आपला मुलूख असतो. मुलूख सोडला की पूर्ण नाव सांगावे लागते. संगणकाच्या आज्ञावलीत चलांच्या नावांचेही असेच आहे. ज्या भागात नाव ओळखले जाते, त्या भागाला त्या चलाची व्याप्ती म्हणतात.

विद्यार्थी मित्रहो, समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आपण सी शार्प भाषेत आज्ञावली लिहीत आहोत. पडद्यावर एक खिडकी, तीत एक बटण. उसाचे वजन भरून बटण दाबले की ते 'एकूण' या चलात मिळवले जावे. पहिली ट्रॉली 12 टन, दुसरी 9 टन. पडद्यावर 21 हवेत. पण दिसतात 9! का बरे?

बटण दाबल्यावर आज्ञांचा जो गट चालतो, त्याला पद्धत म्हणतात. आपण 'एकूण' हे चल त्या पद्धतीच्या आतच जाहीर करून त्यात शून्य ठेवले होते. पद्धत सुरू झाली की असे चल नव्याने जन्मते, संपली की जाते. मग पहिले 12 लक्षात ठेवणार कोण?

तेच चल पद्धतीबाहेर, पण वर्गाच्या आत जाहीर करा. वर्ग म्हणजे खिडकीचा आराखडा, आणि त्यावरून बनलेली प्रत्यक्ष खिडकी ही वस्तू. आता चल वस्तूबरोबर टिकते, आणि 21 मिळतात. काटे दोन असले व त्याच वर्गाच्या दोन खिडक्या उघडल्या, तर प्रत्येकीचे 'एकूण' वेगळे राहते. दोन्ही काट्यांची मिळून बेरीज हवी असेल, तर चल जाहीर करताना 'स्टॅटिक' शब्द लावायचा. मग साऱ्या खिडक्यांना मिळून चल एकच.

खरा चकवा पुढेच आहे. वर्गात 'एकूण' असताना पद्धतीत त्याच नावाचे दुसरे चल जाहीर केले, तरी सी शार्प किंवा जावा भाषा चूक दाखवीत नाही. आतले नाव बाहेरच्याला झाकते. बेरीज आतल्या चलात जाते, बाहेरचे शून्यावरच राहते. बाहेरचेच हवे असेल तर 'धिस' शब्द जोडून, म्हणजे 'या वस्तूचे एकूण' असे, पूर्ण नाव लिहावे लागते. आज्ञावली बंद पाडणारी चूक निदान दिसते. ही निमूट चालते, म्हणून मला ती अधिक वाईट वाटते. उसाचे पैसे वजनावर मिळतात, आणि पडद्यावरच्या आकड्यावर सहसा कोणी शंका घेत नाही.

व्याप्ती आणि आयुष्य मात्र एक समजू नका. व्हिज्युअल बेसिकमध्ये पद्धतीच्या आत 'स्टॅटिक' म्हणून जाहीर केलेले चल बाहेर कोणी ओळखत नाही, तरी पद्धत संपल्यावरही ते आपली किंमत राखते. (शब्द तोच, काम निराळे, या शब्दाचेही शिरूरच झाले म्हणायचे!)

नावांना अशी कुंपणे घालण्याची रीत 1960 च्या अल्गोल भाषेने रूढ केली. वर्ग आणि वस्तू आल्या त्या नॉर्वेच्या डाल व नीगार्ड यांच्या सिम्युला 67 मधून.

आता हे सोडवून पाहा : पहिल्या खिडकीत 12 व 9 टन नोंदवले, नंतर दुसरीत 7. 'एकूण' वर्गात जाहीर केले आहे. 'स्टॅटिक' असताना आणि नसताना दुसरी खिडकी कोणता आकडा दाखवील?