पेठेतले जिणे : धुळे आणि जळगाव

जुन्या शहरांचा मध्यभाग नेमका केव्हा आणि कसा वाढला हे बहुधा निश्चित सांगता येत नाही. धुळ्याची पेठ मात्र याला अपवाद आहे. पेशवाई संपल्यानंतर खानदेशचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे पांझरेकाठच्या या गावी आणले, तेव्हा, म्हणजे 1819 मध्ये, तेथे अवघी 401 घरे आणि 2509 माणसे होती. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून त्यांना घरबांधणीसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा व आगाऊ रकमा देण्यात आल्या आणि सरळ, समांतर रस्त्यांची नवी पेठ, म्हणजे व्यापारासाठी मुद्दाम वसवलेली वस्ती, उभी राहिली. तिच्या गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. जळगावचा मध्यभाग वाढला तो कापसामुळे : 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने हिंदी कापसाला अचानक भाव आला, त्याच सुमारास रेल्वे येऊन पोहोचली आणि जुन्या जळगावालगत नवी पेठ, बळीराम पेठ यांसारख्या वस्त्या भरत गेल्या.

व्यापारासाठी वसलेल्या या वस्त्यांत रस्त्याकडील तोंडाला सर्वांत अधिक मोल असल्याने घरे रुंदीला कमी आणि खोलीला जास्त असतात. पुढे दुकान, मागे वखार किंवा चौक, वर राहती जागा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागलेल्या. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या खानदेशात या दाटीचा उपयोगही आहे, कारण भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे घराच्या दोनच बाजू उन्हाला सामोऱ्या जातात, समोरासमोरच्या माड्या गल्लीवर सावली धरतात आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकता येते. शहराबाहेरच्या कॉलनीतला सुटा बंगला चारही बाजूंनी तापतो, ही गोष्ट घर बदलताना क्वचितच ध्यानात घेतली जाते.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, दुकाने आणि घरे एकत्र असलेल्या रस्त्यावर दिवसभर कोणाची ना कोणाची नजर असते व तीच त्या रस्त्याची खरी राखण होय. पेठेतील ओट्यावर बसलेली वृद्ध माणसे हे काम कोणी न नेमता करीत आली आहेत. जळगावात कार्तिकी एकादशीला निघणारा श्रीरामाचा रथ, ज्याची परंपरा अप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केली, याच अरुंद रस्त्यांतून दोरखंडांनी ओढला जातो. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, घालून त्याला वळवणे व थांबवणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे, आणि ते मार्गावर राहणाऱ्या माणसांवाचून चालणारे नाही.

तरीही पेठ रिकामी होत आहे, आणि त्याचे एक मोठे कारण भाडेकायद्यात आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, साधारणपणे 1 सप्टेंबर 1940 रोजीच्या भाड्याशी बांधून टाकले. युद्धोत्तर महागाईत भाडेकरूला त्यामुळे खरा आधार मिळाला. मात्र पुढे भाड्यातून चुना-विटांचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने ती करण्याचे कारण नव्हते आणि सागवानी तुळया दोघांच्या मधे कुजत राहिल्या. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली, परंतु मूळ रक्कमच क्षुल्लक असलेल्या ठिकाणी त्या वाढीने काहीही सावरले नाही. त्यात वारसांची संख्या वाढत गेलेली असल्याने जुना वाडा पाडून व्यापारी संकुल बांधणे हाच सर्वांना सोयीचा मार्ग वाटतो.

नळाला काही दिवसांआड येणारे पाणी, ते साठवण्यासाठी जिन्याखालीही मांडलेले पिंप, दारासमोर लागलेल्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या आणि अग्निशामक गाडी शिरणार नाही असे बोळ, हे सारे सोसूनही जी कुटुंबे येथे राहतात त्यांतील अनेकांना दुकान, दवाखाना, देऊळ आणि ओळखीची माणसे पायी गाठता येतात, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या दृष्टीने हे सुख कॉलनीतल्या मोकळ्या अंगणाहून मोठे आहे. वरचे मजले गोदामात गेले की रात्री शटर पडताच रस्ता ओसाड होतो आणि हे सुख आधी तिच्याच हातून जाते. 2003 मध्ये महानगरपालिका झालेल्या या दोन्ही शहरांनी पेठेकडे केवळ बाजार म्हणून पाहणे थांबवावे. घरपट्टीतील सवलत आणि दुरुस्तीसाठीचे कर्ज जुन्या घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यांना, मग ते मालक असोत वा भाडेकरू, सर्वांत आधी मिळाले पाहिजे.