सॅनिटरी नॅपकिनची खरेदी : आधी माल ओळखा, मग भाव करा

हल्ली नॅपकिनच्या आणि कापडी पॅडच्या पाकिटांवर सशाचे चित्र व 'क्रुएल्टी फ्री' असे शब्द छापलेले दिसतात. म्हणजे हा माल बनवताना मुक्या जनावराला त्रास दिलेला नाही, असा दावा. अशा पाकिटाचा भाव साध्या पाकिटापेक्षा बराच चढा असतो. गिऱ्हाईक विचारते, "यात खरेच काही फरक आहे का?" दुकानदाराला सांगता येत नाही. मालाची तारीफ करायची तर माल माहीत असला पाहिजे आणि ऐब असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवला पाहिजे, हा आपल्या तिजारतीचा पहिला नियम आहे.

विषय नाजूक आहे हे मान्य. पण सूरह बकरहमध्ये हैजचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे आणि सहाबी स्त्रिया याचे मसले उघडपणे विचारीत. तेव्हा तिजारतीच्या पानावर लाजण्याचे कारण नाही. घरच्या खर्चाचा हिशोब आपणच ठेवतो, मग हा खर्च त्यातून वगळायचा कशाला?

'क्रुएल्टी फ्री'मध्ये दोन गोष्टी येतात. एक, मालात जनावराचा अंश नसणे. दोन, मालाची चाचणी जनावरावर केलेली नसणे. बाजारातील साधा नॅपकिन लाकडाचा लगदा, प्लास्टिकचे पातळ पडदे, पाणी शोषणारी रासायनिक पावडर आणि डिंक यांचा असतो. यात जनावराचा अंश सहसा येत नाही. प्रश्न चाचणीचा आहे. अंगाला लागणाऱ्या वस्तूने कातडीची आग होते का, हे पाहण्यासाठी अनेक वर्षे ससे वापरले गेले. २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०९९३ च्या २३व्या भागात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर ही चाचणी करण्याची पद्धत आली. म्हणजे जनावराशिवाय काम भागते. भारतात २०१४ साली जनावरांवरील चाचण्यांना बंदी झाली, पण ती सौंदर्यप्रसाधनांपुरती. नॅपकिन त्यात मोडत नाहीत. म्हणून सशाचे चित्र पाहून भुलू नये. 'लीपिंग बनी'सारख्या संस्थेचे अधिकृत चिन्ह असेल आणि कंपनीचे नाव त्या संस्थेच्या यादीत असेल, तरच त्या चित्राला किंमत. बाकी ससा कोणताही छापखाना काढून देतो.

माझे मत असे की जिला हा दावा आणि कमी खर्च दोन्ही हवे आहेत, तिच्यासाठी चांगले सुती कापडी पॅड सर्वांत सरळ. ज्या कापडाचे आपण पिढ्यान्‌पिढ्या कुडते शिवतो, त्याला सशाची गरज पडत नाही. मात्र कापड ओळखता आले पाहिजे आणि इथेच लोक फसतात.

पहिली परीक्षा जाळण्याची. कडेचा एक धागा काढून पेटवा. सूत कागदासारखे जळते, राख मऊ पडते. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी बनतो. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम, म्हणजे जनावराचा धागा. दुसरी परीक्षा पाण्याची. थेंब टाकला की लगेच पसरला पाहिजे. तो मोत्यासारखा उभा राहिला तर कापडात खळ आहे किंवा वरून फिनिश मारलेले आहे. तिसरी रंगाची. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासा, रंग उतरला तर ते कापड या कामाचे नाही. सरकारने १९९७ साली काही अॅझो रंगांवर बंदी घातली ती उगीच नव्हे. 'बांबू चारकोल' म्हणून काळे मऊ कापड फार खपते. त्यातला पुष्कळ माल पॉलिएस्टरच्या मिश्रणाचा असतो. काळ्यावर डाग दिसत नाही हा त्याचा खरा गुण, आणि तोच दोषही, कारण नीट धुतले गेले की नाही तेही दिसत नाही.

आता एक गोष्ट जी पाकिटावर कधी छापून येत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या विणकर बंधूंना ती ठाऊक आहे. ताना मागावर चढण्यापूर्वी सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. जुन्या पद्धतीच्या खळीत स्टार्चबरोबर टॅलो, म्हणजे जनावराची चरबी घालतात, धागा नरम राहावा म्हणून. म्हणजे शंभर टक्के सुती कोरे कापडही या हिशोबाने स्वच्छ असेलच असे नाही. प्रोसेस हाउसमध्ये खळ काढून, उकळून धुतलेल्या कापडातून ही चरबी निघून जाते. म्हणून पॅडसाठी कोरे ग्रे कापड सरळ कापू नये, प्रोसेस झालेलेच घ्यावे. ज्याला 'क्रुएल्टी फ्री' असे छापायचे आहे त्याने सायझिंगवाल्याकडे खळीत काय घातले हे विचारावे व लेखी घ्यावे. इतकी चौकशी न करता दावा छापणे हा माझ्या मते धोका आहे, मग तो दावा सशाबद्दल असो की हलालबद्दल.

अंगाला लागणारा थर सुती फलालीन किंवा होजिअरीचा, आत मांजरपाट किंवा टेरीचे तीन-चार थर, खाली गळती रोखणारे पीयूएल. हे पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेले कापड असते. त्याऐवजी रेक्झिन लावलेला माल घेऊ नये, हवा खेळत नाही. एक मीटर फलालीन व तेवढेच मांजरपाट यांत सहा पॅड निघतात. घरच्या मशिनवर नगाला पन्नास-साठ रुपयांत काम होते.

आता हिशोब. महिन्याला १५ नॅपकिन व नगाला ७ रुपये धरले तर वर्षाचे १,२६० रुपये. घरात तिघीजणी असतील तर ३,७८०. दीडशे रुपयांचे सहा कापडी पॅड ९०० ला पडतात आणि दोन वर्षे सहज टिकतात, म्हणजे एकीचे वर्षाला ४५०. घरी शिवले तर त्याहून निम्म्यापेक्षा कमी. सिलिकॉनचा कप तीन-चारशे रुपयांत मिळतो व कित्येक वर्षे चालतो, पण तो आत ठेवावा लागतो आणि उकळून घ्यावा लागतो. ते त्या बाईने आपल्या लेडी डॉक्टरला विचारून ठरवावे, पुरुषांनी त्यात पडू नये. जनऔषधी केंद्रावरचा 'सुविधा' नॅपकिन २०१८ साली अडीच रुपयांना आला आणि २०१९ पासून एक रुपयाला झाला. वर्षाचे १८० रुपये. जिला धुण्या-वाळवण्याची सोय नाही, तिने ससा शोधत बसण्यापेक्षा हाच घ्यावा.

कारण कापडाचा सगळा गुण वाळवण्यावर आहे. थंड पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवायचे. पण आपल्या चाळी-मोहल्ल्यांत हे कापड पलंगाखाली, दारामागे, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळते. ओलसर कापड पुन्हा वापरले की खाज, पुरळ आणि पुढची दुखणी. दवाखान्यात एकदा गेलेला पैसा वर्षभराची बचत खाऊन टाकतो. काही भगिनी समजतात की धुतले तरी कापड नापाकच राहते. तसे नाही. हजरत अस्मा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे की कपड्याला हैजचा डाग लागला तर तो खरवडून पाण्याने चोळून धुवावा, मग त्याच कपड्यात नमाज होते. तेव्हा गच्चीवर किंवा खिडकीत एक दोरी बायकांसाठी मोकळी ठेवा. वरून ओढणी टाकली तर पातळ मलमलची टाका, ऊन आत गेले पाहिजे. बिडी, शिलाई, भरतकाम करणाऱ्या कारागीर स्त्रिया ज्यांच्या कारखान्यात बसतात, त्या मालकांनीही पाणी आणि दार लागणारे संडास पाहावे.

ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जुलै २०१८ पासून सॅनिटरी नॅपकिनवर जीएसटी नाही. ऐकायला बरे वाटते, पण माफीच्या मालावर कच्च्या मालात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कापडावर, बटणावर, पाकिटावर भरलेला कर खर्चातच धरून भाव काढा, नाहीतर नफा कागदावरच राहील. दुसरे, एकदा वापरून टाकायच्या नॅपकिनसाठी आयएस ५४०५ आणि धुऊन वापरायच्या पॅडसाठी २०२१ चे आयएस १७५१४ अशी भारतीय मानके आहेत. २०२३ साली वस्त्रोद्योग मंत्रालयाने अशा मालासाठी गुणवत्ता आदेश काढला आणि मुदती पुढे ढकलल्या गेल्या. माल शिवायला घेण्याआधी मानक ब्युरोच्या कार्यालयात जाऊन आपला माल कोणत्या नियमात बसतो ते विचारून घ्यावे, पाकिटे त्यानंतर छापावीत.