दगडफुलाचे शास्त्र आणि मुंबईची उपनगरे

घाटकोपर अथवा अंधेरी येथील मसाल्याच्या दुकानात गोड्या मसाल्यासाठी मिळणारे दगडफूल हे वस्तुतः फूल नव्हे. बाजारातील दगडफूल बहुधा डोंगराळ प्रदेशातील झाडांच्या सालीवरून गोळा केलेले असते. शास्त्रीय परिभाषेत अशा सजीवांना शैवाक म्हणतात. कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून शैवाक निर्माण होतो. कवक शरीराची घडण करते व पाणी धरून ठेवते, तर शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. हे दुहेरी स्वरूप स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये मांडले, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी त्यास कडाडून विरोध केला होता.

हवेचा साक्षीदार

शैवाकास मुळे नसतात. पाऊस, दव व हवा यांतूनच तो पाणी आणि क्षार शोषून घेतो. त्यांबरोबर हवेतील विषारी द्रव्येही त्याच्या शरीरात साठतात. पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांवरून हवेच्या शुद्धतेचा अंदाज बांधता येतो, हे विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्येच दाखवून दिले होते. गंधकाच्या धुराने दाढीसारखे लोंबणारे शैवाक प्रथम नाहीसे होतात. सालीस घट्ट चिकटलेले काही प्रकार मात्र तग धरतात.

मुंबई उपनगरांत या निरीक्षणास चांगला वाव आहे. एका बाजूस बोरिवली व दुसऱ्या बाजूस मुलुंड यांच्यामध्ये शंभर चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. अरण्य आणि रहदारीचे रस्ते येथे एकमेकांना लागून असल्याने दोन्हीकडील वृक्षांची तुलना करणे शक्य आहे. परंतु सालीवरील डाग कोणत्या जातीचा, हे ठाऊक असल्याखेरीज तुलनेस अर्थ येत नाही. ही ओळख पटविण्याचे दीर्घ परिश्रमाचे कार्य महाराष्ट्रात मुख्यत्वे पुण्यास झाले.

पुण्यातील संशोधन

महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था 1946 मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर होते आणि 1992 पासून संशोधन संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले आहे. एम. एन. कामत, पी. जी. पटवर्धन, व्ही. जी. राव व ए. व्ही. साठे यांनी महाराष्ट्रातील कवकांची सूची 1971 मध्ये प्रसिद्ध केली. शैवाकांचे वर्गीकरण त्यांतील कवकावरून होत असल्याने कवकांच्या अभ्यासाचा पाया शैवाकशास्त्रास उपयुक्त ठरला. पटवर्धन पुढे शैवाकांकडे वळले आणि त्यांनी व सहकाऱ्यांनी सह्याद्री व अंदमान येथील शैवाकांचा अभ्यास केला. उर्मिला मखिजा यांच्यासह त्यांनी ट्रायपेथेलियम या प्रजातीवर लिहिलेला विस्तृत निबंध 1993 मध्ये प्रसिद्ध झाला.

असे काम सावकाशीचे असते. शैवाकाच्या फलकायाचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, रंग व कप्पे पाहावे लागतात. रसायनाचा थेंब टाकून रंगबदल नोंदवावा लागतो. मखिजा यांनी बेहेरा प्रभृती सहकाऱ्यांसह उस्निया घाटेन्सिस या शैवाकाचे प्रयोगशाळेत संवर्धन करून त्याच्या औषधी गुणांचीही तपासणी केली. शैवाक अत्यंत मंद गतीने, अनेकदा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. म्हणून रानातील साठा न खरवडता त्यांची द्रव्ये मिळविण्याची ही दिशा महत्त्वाची आहे.

शैवाकावरील पाहुणे

शैवाकांवर आणखी निराळी कवकेही राहतात. त्यांतील काही यजमानास मारक असतात, तर काही निरुपद्रवी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक सूचीत अशा दोन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. शैवाकावरील काळा ठिपका त्याचे स्वतःचे फलकाय आहे की पाहुण्या कवकाचे, हे यजमानाची पूर्ण ओळख असल्यावाचून सांगता येत नाही. पाहुण्यांच्या अभ्यासासही म्हणूनच यजमानांच्या अचूक सूचीची आवश्यकता असते.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

जुना वृक्ष तोडला म्हणजे त्याच्या सालीवर अनेक वर्षांत साठलेली नोंदही नष्ट होते. नवे रोप लावून ती तत्काळ परत मिळत नाही. रस्त्याकडेच्या खोडांना गेरू व चुना फासल्यानेही डोळ्यांच्या उंचीवरील शैवाक झाकले जातात; निदान काही वृक्ष त्यातून वगळता येतील. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थापन होणाऱ्या स्थानिक व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीत झाडे व पक्षी यांबरोबर शैवाकांचीही नोंद घ्यावी. शिक्षकांनी एक ठरावीक वृक्ष निवडून दरवर्षी त्याच महिन्यात, मोजपट्टी ठेवून, सालीचे छायाचित्र घ्यावे. त्यासाठी शैवाक खरवडण्याची गरज नाही. अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी तज्ज्ञांच्या हाती पडल्यास उपनगरातील हवेचा इतिहास वाचणे सुकर होईल.