काळा घोड्याचे निळे सिनेगॉग

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ‘केनेसेथ इलियाहू’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, जेकब ससून यांनी १८८४ मध्ये पित्याच्या स्मरणार्थ उभारले. पुढे बगदादी ज्यू मोठ्या संख्येने परदेशी गेले. पावसाळे मात्र येतच राहिले. छतातून झिरपणाऱ्या पाण्याने वास्तू खंगली. जेएसडब्ल्यू फाउंडेशन, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आदींच्या साहाय्याने आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार होऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये ती पुन्हा खुली झाली. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्काराने तिचा गौरव झाला. रंगीत काचांची गवाक्षे आवर्जून पाहावीत अशीच आहेत. केरळातील चेंदमंगलमच्या सिनेगॉगचाही जीर्णोद्धार झाला. पण उपासकच न उरल्याने तेथे आज संग्रहालय आहे. काळा घोड्याच्या वास्तूत मात्र अद्याप प्रार्थना होते.